चित्रातल्या कोडचा कीस

३ ऑक्टोबर २००३ची गोष्ट. अमेरिकन वर्तमानपत्रांत येणाऱ्या 'फॉक्सट्रॉट' या चित्रमालिकेत त्या दिवशी जेसन फॉक्स नावाचा दहा वर्षांचा कार्टा फळ्यासमोर उभा होता. शिक्षा नेहमीचीच: वर्गात कागदी विमानं उडवणार नाही, हे वाक्य ५०० वेळा लिहायचं. पण साहेबांनी फळ्यावर काय लिहिलं होतं? 'सी' भाषेतला छोटासा प्रोग्राम. एक ते पाचशे लूप, आत प्रिंटएफ, झालं काम! शाळेनं अर्थातच दाद दिली नाही.

सामान्य वाचक इथे हसतो आणि पान उलटतो. प्रोग्रामरचं तसं नसतं. तो आधी कोड वाचतो, मग हसतो. आणि हा कोड वाचणाऱ्यांना लगेच खटकलं, की वाक्याच्या शेवटी 'बॅकस्लॅश एन' नाही. म्हणजे प्रोग्राम चालवला तर पाचशे वाक्यं नव्या ओळीवर न जाता एकमेकांच्या शेपटीला चिकटून छापली जाणार, मधे साधी मोकळी जागासुद्धा नाही. दुसरा आक्षेप: मोजणी एकपासून का? शून्यापासून का नाही? (बिनबुडाचा आक्षेप. एक ते पाचशे, दोन्ही टोकं धरून, बरोबर पाचशेच होतात.)

गंमत म्हणजे बाकी कोड चोख आहे. 'मेन'च्या कंसात 'व्हॉइड' आहे, शेवटी शून्य परत केलाय, व्हेरिएबल आधी जाहीर केलाय. चित्रकार बिल अमेंड हा फिजिक्सचा पदवीधर, त्यामुळे असेल. पण खरा मुद्दा पुढेच आहे. सेमीकोलन विसरलात तर कंपायलर ओरडतो. 'बॅकस्लॅश एन' विसरलात तर तो चकार शब्द काढत नाही, कारण त्याला व्याकरण कळतं, तुमच्या मनातलं कळत नाही. ही दुसऱ्या जातीची चूक माणसानंच पकडावी लागते. चित्रातल्या कोडचा कीस काढणं हा रिकामटेकडा उद्योग वाटतो खरा, पण त्यात हीच सवय कामाला लागलेली असते.

आता २००७. फेब्रुवारीत रँडल मन्रोच्या 'एक्सकेसीडी'मध्ये (हाही फिजिक्सवालाच!) चार ओळींचं एक फंक्शन आलं. काम: रँडम नंबर देणं. उत्तर: नेहमी ४. शेजारी कॉमेंट अशा अर्थाची, की हा आकडा फासा टाकून रीतसर निवडलाय, तेव्हा तो रँडम असल्याची हमी. यावरही कीस निघालाच. कंसात 'व्हॉइड' का नाही? आणि चित्रासोबतच्या टिपेत 'आरएफसी ११४९.५'चा दाखला आहे, पण आरएफसीचे क्रमांक कधी दशांशात असतात का? (मूळ आरएफसी ११४९ ही १९९० सालच्या एप्रिल फूलची थट्टा आहे. कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटचा डेटा कसा पाठवावा, याबद्दल!)

पण 'असला कोड खरंच कोण लिहील?' या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांनी मिळालं. प्लेस्टेशन ३वर फक्त सोनीनं डिजिटल सही केलेलेच प्रोग्राम चालावेत, अशी व्यवस्था होती. त्या सहीच्या गणितात प्रत्येक वेळी नवा, कुणाला न कळणारा रँडम आकडा लागतो. डिसेंबर २०१०मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये 'फेलओव्हरफ्लो' या गटानं दाखवून दिलं, की सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. एकच आकडा वापरलेल्या दोन सह्या हाती आल्या, की शाळेतल्या बीजगणितानं गुप्त किल्ली निघते. व्याख्यानात त्यांनी पडद्यावर काय दाखवलं असेल? मन्रोचं तेच चार ओळींचं फंक्शन. थट्टेतल्या कोडला हजारो परीक्षक मिळाले होते. लाखो घरांतल्या यंत्रांची किल्ली जपणाऱ्या कोडला मात्र, दिसतंय त्यावरून, एकही धड परीक्षक मिळाला नाही.

तिसरं चित्रही मन्रोचंच, ऑक्टोबर २००७मधलं. शाळेतून आईला फोन येतो. मुलाचं नाव रॉबर्ट, आणि त्यापुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, कंस आणि 'स्टुडंट्स' टेबल उडवून टाका असा एसक्यूएलचा हुकूम! घरी लाडानं 'बॉबी टेबल्स'. शाळेचा प्रोग्राम नाव थेट हुकमाच्या वाक्यात चिकटवत होता. अ‍ॅपॉस्ट्रॉफीपाशी नाव संपलं असं डेटाबेसनं मानलं, आणि पुढचा मजकूर हुकूम समजून पाळला. वर्षभराची नोंद गायब.

यावर तर नुसता पाऊस पडला. मायएसक्यूएलमध्ये दोन डॅशनंतर मोकळी जागा लागते, ती कुठाय? पीएचपीच्या जुन्या फंक्शनमध्ये एका वेळी एकच हुकूम चालायचा, मग दुसरा चालला कसा? टेबलाचं नाव 'स्टुडंट्स'च आहे हे आईला कळलं कुठून? सगळं खरं, आणि सगळं फुकाचं. पण एक आक्षेप लाखमोलाचा होता, तो आईच्या उपदेशावरचा. ती शाळेला सुनावते, की डेटाबेसमध्ये जाणारा मजकूर आधी स्वच्छ करायला शिका. जाणकार म्हणाले, बाई, स्वच्छ कशाला करायचा? हुकूम आणि मजकूर वेगवेगळे पाठवा. हुकमात जागा राखून ठेवायची आणि नाव त्या जागेसाठी स्वतंत्रपणे द्यायचं, म्हणजे नावात काहीही असलं तरी ते नावच राहतं.

फरक बारीक वाटतो ना? मग गोव्यातल्या, वसईतल्या डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा मंडळींना विचारा. इंग्रजीत आडनाव लिहिताना डीनंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी देणाऱ्यांना 'आडनावात चुकीचं अक्षर आहे' असं ऐकवणारे फॉर्म काही कमी नाहीत. ही आईच्या 'स्वच्छते'ची कृपा! बॉबीला अडवायला म्हणून चिन्हच हद्दपार केलं, आणि सरळमार्गी माणसाला स्वतःचं आडनाव मोडून लिहायला लावलं. याहून वाईट म्हणजे असं नाव टाकल्यावर डेटाबेसची एरर तोंडावर येते ते फॉर्म. तिथे डिसोझांना दिसणारी चूक म्हणजेच चोरासाठी उघडं असलेलं दार. दोन वेगळे रोग नाहीत, एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत.

आणि चोर येतातच. २०१५ साली ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या जुन्या वेबपानांतून याच युक्तीनं सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती गेली. पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला. बॉबी टेबल्सला तोवर आठ वर्षं होऊन गेली होती, आणि उपाय तर त्याच्याही आधीपासून माहीत होता.

तेव्हा कीस जरूर काढा. फक्त सोमवारी ऑफिसात सहकाऱ्याचा कोड तपासायला आला, की न वाचताच 'ठीक दिसतंय' लिहून मोकळे होऊ नका. शनिवारी चित्रातली हरवलेली मोकळी जागा शोधणारी नजर तिथे जास्त हवी आहे. त्या कोडच्या पलीकडे कुणीतरी डिसोझा फॉर्म भरत बसलेले असतात :-)