गुंडाळत्या शिडाचे माप

भर वादळात नौकेच्या नाळेवर जाऊन पुढचे शीड उतरविणे, हे पूर्वीपासून जिवावरचे काम मानले जाई. पायांखाली फळी निसरडी, दोन्ही हात फडफडणाऱ्या कापडात गुंतलेले. अशा वेळी तोल जाणे म्हणजे समुद्रात पडणेच. हे संकट टळावे म्हणून शीड गुंडाळण्याची युक्ती निघाली. परंतु तिच्याबरोबरच ‘शीड केवढे असावे?’ हा नवा प्रश्नही उभा राहिला.

इ. स. १८५० मध्ये हेन्री कनिंगहॅम या इंग्रज गृहस्थाने मोठ्या गलबतांचे वरचे शीड त्याच्या आडव्या काठीभोवती गुंडाळण्याची योजना सिद्ध केली. त्यामुळे खलाशांना वर न चढता खालूनच शीड कमी करता येऊ लागले. पुढे १९०७ मध्ये लहान नौकांसाठी वाइकहॅम-मार्टिन यांचे साधन आले. खाली दोरीचे रीळ आणि वर फिरती कडी. दोरी ओढताच शीड स्वतःच्याच कडेतील तारेभोवती लपेटले जाई. मात्र तार पिळली जात असल्यामुळे ते पूर्ण उघडावे किंवा पूर्ण मिटावे, एवढेच शक्य होते.

इकडे शिडांचा आकार वाढतच होता. १९२६ मध्ये इटलीतील जिनोआ येथील शर्यतीत स्वेन सालेन या स्वीडिश नौकानायकाने डोलकाठीच्याही मागे पोहोचणारे पुढचे शीड लाविले. नियमाप्रमाणे माप घेतले जाई ते डोलकाठीपुढील त्रिकोणाचे. मागे गेलेले कापड हिशेबात धरीत नसत. असे हे फुकटचे कापड कोणाला नको असणार? त्या शिडाला ‘जिनोआ’ हेच नाव पडले. १९७० च्या सुमारास आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाने १५० टक्क्यांपर्यंतच्या शिडास दंड ठेविला नाही. आणि शर्यतीत कधीही न उतरणाऱ्या नौकांवरही तेच माप रूढ झाले.

हे टक्के म्हणजे काय? डोलकाठीपासून पुढील तारेच्या बुडापर्यंत अंतर ३ मीटर असेल, तर शिडाच्या मागील खालच्या कोपऱ्यापासून पुढील कडेवर टाकलेला लंब ४.५ मीटर असला म्हणजे ते शीड १५० टक्क्यांचे.

त्यानंतर तारेभोवती धातूची पन्हळ आली आणि शीड अर्धवट गुंडाळूनही नौका चालविता येऊ लागली. तेव्हा एकच शीड सर्व वाऱ्यांना पुरेल, अशी आशा उत्पन्न झाली. ती पुरती खरी ठरली नाही. गुंडाळी वाढली की शिडाच्या मध्यभागी पोट सुटते, पुढची कड जाड होते आणि नौका वाऱ्याच्या रोखाने नीट चढत नाही. कडेत फेसाळ रबरासारखी पट्टी शिवून हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. साधारणतः ३० टक्के गुंडाळीपर्यंतच शीड कामाचे राहते. शिवाय मंद वाऱ्याला हलके कापड हवे, सोसाट्याला जाड; एका शिडात दोन्ही गुण कसे यावेत?

म्हणून माप नेहमीच्या वाऱ्यावरून ठरवावे, हेच शहाणपणाचे. उन्हाळ्यात मंद वारे असणाऱ्या अमेरिकेतील चेसापीक उपसागरात १५० टक्के शोभते. उन्हाळी दुपारी जोराचा वारा सुटणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात १०० ते ११० टक्के पुरे होतात. दोहोंच्या मध्ये १३५ टक्के हा पुष्कळांचा तोडगा आहे. शर्यतीच्या नियमाने वाढविलेले शीड सहकुटुंब विहार करणाऱ्याने जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. ज्या वाऱ्यात नौका बहुधा हाकावयाची, त्यात जे न गुंडाळता पूर्ण उघडे ठेविता येते, तेच तिचे योग्य शीड होय.