काळे पाणी आणि चितळ

अंदमानला निघालेल्या मराठी प्रवाशाचे मन आधीच सेल्युलर जेलमध्ये पोहोचलेले असते. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तेथे होते, ही एक ओळख त्याला पुरते. मग तो होडीने समोरच्या रॉस बेटावर जातो (२०१८ पासून या बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप). झाडांच्या मुळांनी वेढलेले चर्च, बेकरी, कमिशनरचा बंगला पाहतो आणि माणसांत निर्धास्त फिरणाऱ्या चितळांची छायाचित्रे घेऊन परततो. जेलमध्ये इतिहास आणि रॉसवर निसर्ग, अशी ही वाटणी तपासून पाहायला हवी.

सेल्युलर जेल पूर्ण झाला १९०६ मध्ये. काळे पाणी त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर सुमारे २०० कैदी घेऊन येथे आला. तेव्हा भिंती नव्हत्याच. समुद्र आणि अरण्य हाच तुरुंग होता. पळताना सापडलेल्या ८० हून अधिक कैद्यांना वॉकरने फाशी दिले. उरलेल्यांच्या हातून रॉसचे रान तोडले गेले आणि साहेबांची वसाहत उभी राहिली.

ही भूमी निर्मनुष्य नव्हती. मे १८५९ मध्ये ॲबर्डीन येथे अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन या वसाहतीवर चालून गेले. बंदुकांपुढे ते हरले. पुढे बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांचा बळी घेतला. हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी आज काही डझनच उरले आहेत.

आणि चितळ? आमच्या यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात तो वाघाचे भक्ष्य आहे, म्हणून तेथे त्याच्या संख्येला आवर आहे. अंदमानात तो मुळात नव्हताच. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो शिकारीसाठी आणला. या बेटांवर वाघही नाही, बिबट्याही नाही. त्यामुळे तो वाढला आणि आता स्थानिक वृक्षांची रोपे खाऊन टाकतो. दोष अर्थातच त्याचा नाही. पण आपण ज्याला बेटाचा निसर्ग समजतो, तोही त्याच राजवटीने जहाजातून आणला होता.

जेलमध्ये आपण आपल्या माणसांच्या खुणा शोधतो, ते योग्यच आहे. रॉसवर मात्र ज्यांची एकही भिंत उरलेली नाही, त्या मूळ रहिवाशांचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.