गॅप, चिंटू आणि एक शंभर पानी वही

बरेच शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण साधंच आहे, नोकरी गेली होती. चार महिने गावी होतो, म्हणजे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. लॅपटॉप उघडून जॉब पोर्टल बघायचं आणि मिटायचं, हा दिनक्रम. अशात एकदा माळ्यावर जुनी शंभर पानी वही सापडली. आत पानोपानी चिकटवलेला चिंटू!

थोडा इतिहास सांगतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्या जोडीचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ ला पुण्याच्या 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा आला. त्याआधीच्या पिढीकडे 'इंद्रजाल'चा वेताळ होता. बाबा अजून त्याच्या आठवणी काढतात. पण वेताळ जंगलात राहायचा, कवटीच्या गुहेत. चिंटू साध्या घरातला. आई-पप्पा, पप्पू, मिनी, दादागिरी करणारा बगळ्या, शेजारचे जोशी काका-काकू. आठ-दहा वाक्यांत दिवस संपला. २०१२ मध्ये त्याच्यावर सिनेमासुद्धा आला.

आमच्याकडे पेपर यष्टीने यायचा, तोही दुपारी. शाळा सुटली की मी आधी चिंटू कापायचो. हे सगळं एका मित्रासाठी.

तो माझ्या बाकावर बसायचा. दसरा झाला की त्याची जागा रिकामी. बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातली हजारो कुटुंबं तेव्हाही ऊसतोडीला जायची, आजही जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच घेतलेली 'उचल' ऊस तोडून फेडायची. मागे सांभाळणारं कुणी नसेल तर पोरंही सोबत. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या होत्या, पण त्याच्या वाट्याला ती कधी आली नाही. तो फडावर धाकट्या बहिणीला सांभाळायचा.

पाडव्याच्या आसपास तो परतायचा. मी वही पुढे करायचो. तो पारावर बसून एका बैठकीत पाच महिन्यांचा चिंटू वाचून काढायचा आणि खो खो हसायचा. त्याचं काहीच चुकलेलं नसायचं. कारण चिंटू मोठा होतच नाही ना! १९५१ पासूनचा अमेरिकेतला डेनिस असाच, कायम साडेपाच वर्षांचा. उलट १९१८ ला सुरू झालेल्या 'गॅसोलिन अ‍ॅली'त १९२१ साली दारात एक तान्हं बाळ सापडतं आणि ते वाचकांबरोबर खरोखर मोठं होत जातं. तशी मालिका मधूनच वाचायची तर मागचं माहीत लागतं. चिंटूत कालचं काहीच लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेटलेस :-)

शाळा मात्र स्टेटलेस नव्हती. अपूर्णांक झाले, दशांश झाले, टक्केवारी झाली. तो परत यायचा तेव्हा परीक्षा तोंडावर. वही मी चिंटूची केली, गणिताची केली नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला ते सुचायला हवं होतं असं नाही, पण आठवलं की टोचतं. सातवीनंतर तो शाळेत आलाच नाही.

ह्या चार महिन्यांत प्रत्येक मुलाखतीत मला एकच प्रश्न: "गॅप का आहे?" घाम फुटायचा. आणि रात्री मी तीच वही उघडून बसायचो. चिंटू होमवर्क टाळतोय, आई ओरडतेय, बगळ्या धमकी देतोय. छान झोप लागायची, खोटं कशाला बोलू. पण माझ्या गॅपमध्ये आईच्या हातची भाकरी होती आणि डिग्री होती. त्याच्या गॅपमध्ये ऊस होता. दोन्हींना एकच शब्द वापरायला लाज वाटते.

दसऱ्याच्या आधी तो भेटला. आता त्याचा स्वतःचा कोयता आहे. ह्या वर्षी पोरीला मात्र आजीकडे ठेवून जाणार होता. ती तिसरीत आहे. वही बघून म्हणाला, "आरं, अजून ठिवलीस व्हय? पोरीला दे की."

मी म्हटलं, पानं सुटलीत, क्रमाने लावून देतो.

"कशाला? कुठूनबी वाचलं तरी कळतंय त्यात."

वही दिली. सोबत तिसरीच्या गणिताचं वर्कबुकही दिलं. ह्या वेळी विसरलो नाही. रविवारी संध्याकाळी आजीच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल येतो. आधी एक चिंटू ती वाचून दाखवते, मग वजाबाक्या. हातच्याची अजून गडबड होते, पण होईल.

असो. मला नोकरी लागली आहे, सोमवारी जॉइनिंग. पुढच्या शनिवारी भेटूच.