रेशनच्या दिवसांतले एक पक्वान्न



आमच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षाआड हटकून येतो : दुसऱ्या महायुद्धाची कारणे व परिणाम लिहा. मुले पाठ केलेली पाच कारणे लिहितात, सहा परिणाम लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. त्या सहा वर्षांत लोक जेवत काय होते, हे मात्र प्रश्नातही नसते आणि उत्तरातही नसते. आता मला सांगा, सेनापतीला काय किंवा त्याच्या घरच्या मंडळींना काय, दोन वेळा भूक लागतच असणार ना? म्हणून आज एक गोड पदार्थ पुढ्यात घेऊन बसावे असा विचार आहे. पदार्थ आहे इंग्लंडातला. त्याचे नाव ॲपल क्रंबल. क्रंबल म्हणजे चुरा होणे, भुगा होणे. सफरचंदाच्या फोडींवर पिठाचा चुरा पसरून भाजलेले हे पक्वान्न तिकडे शरद ऋतूत, म्हणजे आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, घरोघर होते आणि गरम गरम खातात.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात मी तिकडे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहिलो होतो. बाहेर झिरमिर पाऊस, साडेचारलाच दिवेलागण. बाईंनी काचेचे खोलगट भांडे ओट्यावर ठेवले, आंबट सफरचंदे सोलून त्यात फोडी टाकल्या, वर थोडी साखर भुरभुरली. मग परातीत मैदा घेऊन त्यात लोण्याचे थंडगार तुकडे टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळू लागल्या. मी म्हटले, अहो, हे तर आमचे मोहन! करंजीला किंवा शंकरपाळ्याला आपण पिठाला मोहन चोळतो, तेच हे काम. फरक एवढाच की आपण पुढे दूध किंवा पाणी घालून पीठ मळतो. इथे मळायचेच नाही. पीठ रवाळ झाले, मुठीत दाबले की गोळा होतो आणि सोडले की फुटतो, इतपत आले की साखर मिसळायची, फोडींवर पसरायचे आणि ओव्हनमध्ये पाऊण तासभर ठेवायचे. वरचा चुरा बदामी होतो, कडेने फळाचा रस बुडबुडत वर येतो. दालचिनीचा वास घरभर दरवळतो तो वेगळाच.

भांडे ओव्हनमधून काढताना बाई हसून म्हणाल्या की, त्यांच्या आईने युद्धाच्या दिवसांत यात याच्या पावपट लोणीही घातले नसते. हे ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला.

हा पदार्थ महायुद्धातच जन्मला असे तिकडे सर्रास सांगतात. ते अक्षरशः खरे मानू नका. अमेरिकेत १९२४ च्या एका पाकपुस्तकात ॲपल क्रिस्प नावाचा याचा सख्खा भाऊ सापडतो, आणि जर्मन लोक केकवर असाच चुरा त्याहूनही आधीपासून पसरत आले आहेत. पदार्थांच्या जन्मकथा या बहुधा मागाहून रचलेल्या असतात. परंतु इंग्लंडच्या घराघरात याने जे ठाण मांडले त्यात युद्धाचा हात मोठा, हे त्या काळच्या रेशनचा हिशेब मांडला की पटते. तो हिशेबच आपण करू.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक बाहेरून आणत असे. गहू, मांस, लोणी, साखर, फळे हे सारे जहाजांनी येई, आणि जर्मन पाणबुड्या त्या जहाजांच्या मागावर होत्या. ८ जानेवारी १९४० रोजी रेशन सुरू झाले. माणशी आठवड्याला लोणी ४ औंस, साखर १२ औंस आणि डुकराचे खारवलेले मांस ४ औंस. पुढे त्यालाही कात्री लागली. लोणी पुष्कळ काळ २ औंसांवर आले, म्हणजे आपले सत्तावन्न-अठ्ठावन्न ग्रॅम. साखर ८ औंसांवर, म्हणजे पाव किलोहूनही कमी. आठवडाभराचा चहा, लापशी, मुरंबा सगळे त्यातच बसवायचे. लोण्याच्या जोडीला मार्गारीन आणि थोडी स्वयंपाकाची चरबी मिळे, पण तीही मोजून. अंडे दर आठवड्याला माणशी जेमतेम एक, तेही मिळाले तर. म्हणून १९४१ पासून अमेरिकेहून सुकवलेल्या अंड्यांची पूड येऊ लागली. केळी तर नोव्हेंबर १९४० नंतर बंदच झाली आणि पहिले जहाज आले ते १९४५ च्या डिसेंबरअखेर. केळे कसे सोलायचे हे ठाऊक नसलेली पाच वर्षांची मुले त्या देशात होती, हे वाचून आपल्या जळगावकडच्या मंडळींना हसू येईल.

आता गंमत पाहा. युद्ध चालू असेपर्यंत पीठ आणि पाव यांवर रेशन नव्हते. १९४२ पासून पांढऱ्या पावाऐवजी कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा करडा पाव आला, लोकांनी त्याला नावे ठेवली, पण तो हवा तितका मिळे. आणि सफरचंदे? ती तर केंट, हेरफर्डशायर इथल्या बागांतली, नाहीतर परसातली. म्हणजे घरात मुबलक काय, तर पीठ आणि आंबट सफरचंदे. दुर्मीळ काय, तर लोणी, साखर आणि अंडी.

इंग्रजांचे जुने आवडते पक्वान्न म्हणजे ॲपल पाय. त्याला पिठाची पारी लागते, कधी वर एक आणि खाली एक. पारी खुसखुशीत व्हायची तर पिठाच्या निम्मे तूप-लोणी हवेच. कमी घातले की पारी चिवट होते, जास्त मळली तरी चिवट होते. तुमच्या घरात कुणी करंजीच्या मोहनात काटकसर करून पाहिली असेल तर अधिक सांगायला नको! क्रंबलला मात्र पारी लाटायचीच नाही. लोणी कमी पडले तर चुरा थोडा कोरडा होईल, इतकेच. मैद्याऐवजी करडे पीठ चालते, थोडे ओट मिसळले तरी चालते, शिळ्या पावाचा चुरासुद्धा चालतो. आणि पाव वाया घालवणे ही त्या वेळी चेष्टा नव्हती. १९४० मध्ये अन्नाची नासाडी हा गुन्हा ठरवून लोकांना दंड केले गेले. अंडे तर क्रंबलला मुळातच लागत नाही. थोडक्यात, जे मुबलक ते यात भरपूर आणि जे दुर्मीळ ते यात नावापुरते.

वर ओतायचे कस्टर्ड, तेही बिनअंड्याचे तयार होतेच. बर्मिंगहॅमचा रसायनविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या सत्त्वाची कस्टर्ड पावडर काढली. आज आपल्या लग्नाच्या पंगतीतल्या फ्रूट कस्टर्डचे मूळ ते. त्या बाईच्या पथ्याने शंभर वर्षांनी एक देश निभावून नेला म्हणा ना.

सफरचंदाबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलचे लाल सफरचंद येते ते नुसते खाण्याचे. क्रंबलचे नामांकित फळ ब्रॅम्ली नावाचे. हिरवे, थोराड आणि कैरीसारखे आंबट. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक बी पेरली, तिचे झाड झाले. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. मेरीवेदर नावाच्या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमे मागितली तेव्हा खाटकाने अट घातली की फळाला नाव माझे लावायचे. लावणारी राहिली बाजूला आणि फळावर नाव लागले खाटकाचे! असे आपल्याकडेही कमी घडत नाही. हे फळ आंबट असल्यामुळे शिजताच फुलून त्याचा लोण्यासारखा मऊ गर होतो, आणि पेंढ्यात नीट ठेवले तर हिवाळाभर टिकते. युद्धाच्या हिवाळ्यात याचे मोल केवढे असेल!

परंतु नुसत्या टंचाईतून पक्वान्न निघत नाही, तिच्या जोडीला समजही लागते. इथे, आकाशवाणीच्या श्रोत्यांना आनंद वाटावा, अशी एक गोष्ट आहे. जून १९४० पासून बी.बी.सी.ने 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. किचन फ्रंट म्हणजे स्वयंपाकघराची आघाडी. सकाळी आठच्या बातम्यांनंतर सव्वाआठला पाचच मिनिटे. बाई बाजाराला निघण्यापूर्वी तिला कळावे की आज काय स्वस्त आहे आणि त्याचे काय करावे. कधी गर्ट आणि डेझी या दोघी विनोदी नट्या भांडत भांडत बटाट्याची कृती सांगायच्या, तर कधी 'रेडिओ डॉक्टर' चार्ल्स हिल बद्धकोष्ठावर न लाजता बोलायचे. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन हे मूळचे दुकानदारीतले. ग्राहकाशी कसे बोलावे हे त्यांना ठाऊक होते. खेड्यापाड्यातल्या स्त्रियांच्या संस्थांना मुरंब्यासाठी साखर वेगळी दिली गेली, आणि बागांतून वाया जाणारी फळे त्यांनी बरण्यांत भरली.

रेशनची मुख्य ताकद मात्र हमीत होती. प्रत्येकाने आपले पुस्तक एका दुकानात नोंदवायचे; दुकानदाराला नोंदलेल्या डोक्यांइतकाच माल; आणि पुस्तकात छापले तेवढे त्या आठवड्यात मिळणार म्हणजे मिळणारच. राजवाड्यालाही रेशन होते. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वेगळे पुस्तक, जादा दूध. सगळे आलबेल होते असे नव्हे. काळाबाजार होता, श्रीमंत हॉटेलात जेवत, तेव्हा १९४२ मध्ये जेवणाच्या किमतीवर पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. तरीही युद्धाच्या त्या वर्षांत तिथले बालमृत्यूचे प्रमाण घटले. बाँबवर्षावात बालमृत्यू घटतात, हा आकडा वर्गात सांगितला तर मुलांचा विश्वास बसत नाही.

आणि इथेच घास घशात अडकतो. कारण त्याच युद्धात, त्याच सरकारच्या अमलाखाली, १९४३ मध्ये बंगालात माणसे रस्त्यावर भाताच्या पेजेसाठी हात पसरून मरत होती. ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याला मिळू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला वादळ झाले. लष्करी खर्चाने भाव भडकले, व्यापाऱ्यांनी साठे केले, प्रांतांनी एकमेकांना धान्य द्यायचे नाकारले, आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागितली तितकी जहाजे दिली नाहीत. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृत्यूंचा अंदाज पंधरा लाख धरला. नंतरचे अभ्यासक तो तीस लाखांपर्यंत नेतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिले की धान्याच्या एकूण साठ्यापेक्षा ते विकत घेण्याची मजुराची ताकद संपली, हा खरा घाव होता. मुंबई शहरात धान्याचे रेशन मे १९४३ मध्ये सुरू झाले. कलकत्त्यात ते सुरू व्हायला जानेवारी १९४४ उजाडला, तोवर खेडी ओस पडली होती.

लंडनच्या गृहिणीजवळ दोन औंस लोणी होते, पण ते नक्की होते. म्हणून तर तिला पाककृतीचा उपयोग झाला. मेदिनीपूरच्या शेतमजुराच्या बायकोला कोणती पाककृती सांगणार? क्रंबलचे कौतुक करताना इतिहासाच्या शिक्षकाने हे दुसरे पान झाकून ठेवू नये, असे मला वाटते. दोन्ही पाने एकाच वहीतली आहेत.

गुरुजनहो, वर्गात एक करून पाहा. मुलांना सांगा, घरच्या किंवा गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द विचारून या. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी आणि रोजगाराच्या कामावर वाटलेली सुकडी ज्यांनी खाल्ली, ती माणसे सालागणिक कमी होत आहेत. कुणी तोंड वाकडे करील, कुणी डोळे पुसेल. मुलांनी ते जसेच्या तसे लिहून आणावे. शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

इंग्लंडातले रेशन युद्ध संपल्यावरही लगेच उठले नाही. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशन १९४६ ते १९४८ असे दोन वर्षे झाले. साखर सुटली सप्टेंबर १९५३ मध्ये, लोणी मे १९५४ मध्ये आणि शेवटी मांस ४ जुलै १९५४ रोजी. त्या दिवशी लोकांनी रेशनची पुस्तके जाहीरपणे जाळली. चौदा वर्षे झाली होती. १९४० मध्ये जन्मलेले मूल शाळेच्या वरच्या वर्गात पोचले होते. त्या मुलाने आईच्या हातचा पाय क्वचितच खाल्ला असेल, पण क्रंबल पुष्कळदा. पुढे लोणी मुबलक झाले तेव्हा त्याने क्रंबल सोडला नाही. फक्त चुऱ्यात लोणी भरपूर घालायला सुरुवात केली. माझ्या त्या घरमालकीणबाईंनी घातले होते, तितके.