फांदीवरचा तो वाळलेला फेस म्हणजे प्रार्थना कीटकाची अंडी! पण ती फ्रीजमध्ये ठेवू नका

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की इंदापूर तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या कडेला काड्यांचे ढीग लागतात. त्यात कधीतरी एखाद्या काडीवर फिकट तपकिरी रंगाचा, वाळलेल्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसतो. कुणाला ते गांधीलमाशीचं पोळं वाटतं, कुणाला डिंक. बारामतीकडे तुती लावून रेशीम घेणाऱ्या एखाद्याला तो रेशीमकोषच वाटेल. मग ढीग पेटवला जातो आणि त्या गोळ्यातली शंभरेक पिल्लं जन्माआधीच संपतात.

हा गोळा म्हणजे प्रार्थना कीटकाच्या अंड्यांचा कोश. शास्त्रीय नाव ऊथिका. पुढचे दोन पाय जोडून बसणारा, त्रिकोणी डोक्याचा हा किडा गावाकडं खंडोबाचा किडा किंवा खंडोबाचा घोडा म्हणून ओळखला जातो. जेजुरी शेजारच्याच पुरंदर तालुक्यात असल्यानं या भागात ते नाव चटकन पटतं. अनेक जण त्याला नाकतोडाही म्हणतात, पण नाकतोडा पानं खातो आणि हा नाकतोड्याला खातो.

फेसाचं घर

मादी अंडी घालताना सोबत फेस सोडते. हवा लागली की तो फेस घट्ट होतो आणि आत ओळीनं रचलेली अंडी झाकली जातात. ऊन, पाऊस आणि मुंग्यांपासून पिल्लांना वाचवणारं हे घर आहे. रेशीमकोषात एकच किडा असतो, इथं मात्र जातीनुसार काही डझनांपासून दोनशे-तीनशेपर्यंत अंडी असू शकतात. पावसाळा संपताना मोठे झालेले कीटक जास्त दिसतात, त्यामुळं असे कोशही त्याच सुमारास जास्त सापडतात. नेमकी छाटणीही तेव्हाच असते.

फ्रीजचा सल्ला आला कुठून?

इंटरनेटवर या कोशाबद्दल शोधलं तर 'काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवा' असा सल्ला हमखास सापडतो. तो चुकीचा नाही, पण तो थंड देशांसाठी आहे. तिथं बर्फ पडायच्या आत कीटक अंडी घालतात, स्वतः मरतात आणि अंडी अख्खा हिवाळा तशीच काढतात. घरात हीटर असल्यानं ती भर हिवाळ्यातच फुटली तर पिल्लांना खायला काही मिळत नाही, म्हणून तिकडचे लोक कोश थंडीत ठेवतात.

आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातल्या बहुतेक जातींना या थंडीची गरज नसते. उबदार हवेत साधारण महिना-दीड महिन्यात अंडी फुटतात, थंडीच्या दिवसांत जास्त वेळ लागतो. त्यांना फ्रीजमध्ये ठेवलं तर आतली वाढ थांबते आणि अंडी मरूही शकतात.

बारामती-इंदापूरच्या ऊस पट्ट्यात हा गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. उसाच्या खोडकिडीसाठी वापरतात ती ट्रायकोकार्डं. एका कार्डावर पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाची अगदी बारीक गांधीलमाशी वाढत असते. शेतात लावायला उशीर होणार असेल तर ही कार्डं थोडे दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. दोन्ही मित्रकीटकांचीच अंडी असली तरी एकाचा नियम दुसऱ्याला लागू होत नाही.

कोश वाचवायचा कसा?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याला हात न लावणं. फांदी छाटावीच लागणार असेल तर कोश खरवडून काढू नका. दोन्ही बाजूंना वीतभर काडी ठेवून ती कापा आणि बांधावरच्या एखाद्या झुडपाला सुतळीनं बांधा. कोश जसा मिळाला तसाच राहू द्या, वरची बाजू वर. जागा सावलीची, जमिनीपासून कमरेइतकी उंच आणि फवारणीपासून लांब हवी. मुंग्यांची रांग जाते तिथं तर अजिबात नको, कारण कोशातून बाहेर येणारी मऊ पिल्लं मुंग्यांना आयतीच सापडतात.

पिल्लं निघताना बघायचीच असतील तर काडी मोठ्या बरणीत उभी ठेवून तोंडाला मलमलचं कापड बांधा. झाकण लावलं तर आत ओल धरून बुरशी येते. या भागातली हवा बहुतेक वर्षभर कोरडी असते, म्हणून दिवसाआड बरणीच्या काचेवर पाण्याचा बारीक फवारा मारा, थेट कोशावर नको. बरणी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, अंडी भाजून निघतात. आणि रोज बघा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग एका सकाळी घरभर पिल्लं फिरत असतात.

पिल्लं निघतात तेव्हा

पिल्लं बहुतेकदा सकाळी आणि झुंडीनं निघतात. आधी बारीक धाग्याला लोंबकळतात, लगेच पहिली कात टाकतात आणि मग पांगतात. दिसायला मोठ्या मुंगीसारखी, पण हुबेहूब आईबापासारखी पाय जोडून बसणारी. त्यांना पंख तेवढे नसतात.

बरणी त्याच दिवशी बाहेर न्या. बंद जागेत उपाशी राहिली तर ती एकमेकांना खातात. एकाच झुडपावर सगळी न ओतता लांब लांबच्या झुडपांवर थोडी थोडी सोडा. त्यातली फार थोडी मोठी होतील, पण निसर्गात हेच प्रमाण असतं.

एखादं पाळायचं असेल तर एका भांड्यात एकच ठेवा. पिकलेल्या केळ्यावर येणारी चिलटं हे सुरुवातीचं उत्तम खाणं. कात टाकताना ते उलटं लटकतं, म्हणून भांडं त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच हवं आणि छताला पकड हवी. पकड सुटून पडलं तर पाय वाकडे होतात.

मग कीटकनाशकाचा खर्च वाचेल?

इतकी आशा ठेवू नये. ट्रायकोग्रामा नेमका पतंगाच्या अंड्यांवर जातो. प्रार्थना कीटक मात्र समोर येईल ते पकडतो: अळी, नाकतोडा, माशी, फुलपाखरू, आणि डाळिंबाच्या फुलावर आलेली मधमाशीसुद्धा. अमेरिकेत १८९६ च्या सुमारास चिनी जातीचा प्रार्थना कीटक पोहोचला. पुढं त्याचे कोश बागकामासाठी विकले जाऊ लागले आणि आता तिथं तो हमिंगबर्डसारखे छोटे पक्षी पकडतानाही आढळतो. त्यामुळं लांबून कोश मागवून शेतात सोडण्यात अर्थ नाही. आपल्या बांधावरचा जगवावा, एवढंच.

बारामती तालुक्यातल्या सुपे इथल्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या संरक्षित जागेतून तर कोश उचलूच नये, तिथून जीव बाहेर नेणं कायद्यानं गुन्हा आहे.

महिने झाले, काहीच निघालं नाही?

कोश नीट बघा. पिल्लं निघून गेली असतील तर मधल्या पट्टीवर वाळलेल्या कातींचा झुपका लोंबताना दिसतो. त्याऐवजी बाजूला टाचणीनं पाडल्यासारखी गोल भोकं असतील तर अंडी आधीच पोडाग्रिऑन या परजीवी गांधीलमाशीच्या पिल्लांनी खाल्लेली असतात. दोन्ही खुणा नसतील आणि थंडीचे दिवस असतील तर काडी तशीच झुडपावर राहू द्या, ऊब वाढल्यावरही पिल्लं निघू शकतात.