लिस्बनचा भूकंप आणि बदललेला प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण न्यूटनपर्यंत आलो होतो. झाडावरून पडणारं फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमानं चालतात, हे १६८७ साली गणितानं मांडलं गेलं आणि युरोपातल्या शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास वाढला, इथं आपण थांबलो. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, "हे सगळं विद्वानांपुरतं झालं. साध्या माणसाच्या आयुष्यात याने काय फरक पडला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आज आपण एकच शहर आणि एकच दिवस घेणार आहोत. शहर लिस्बन, दिवस १ नोव्हेंबर १७५५.

हा दिवस कॅथलिक पंचांगातला सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चेस भरलेली होती, वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. अशा वेळी जमीन हादरली. काही मिनिटांत एकामागोमाग धक्के बसले आणि दगडी छतं लोकांच्या डोक्यावर आली. वाचलेली माणसं मोकळ्या जागेसाठी तेजो नदीच्या काठाकडे धावली. तिथं पाणी आधी मागे हटलं आणि मग भिंतीसारखं चालून आलं. आज आपण ज्याला त्सुनामी म्हणतो ती ही. त्यानंतर चुली आणि मेणबत्त्यांमधून आगी लागल्या, त्या पाच-सहा दिवस धुमसत राहिल्या. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं भव्य ऑपेरागृह गेलं. मृतांच्या आकड्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात काही दशहजार माणसं गेली, एवढं नक्की.

आता त्या काळच्या माणसाच्या जागी आपण उभं राहून बघू. लिस्बन हे पाखंडी लोकांचं शहर नव्हतं. युरोपातल्या सर्वांत धर्मनिष्ठ राजधान्यांपैकी ते एक. मग देवानं सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, देवळातच माणसं का मारली? उत्तरं लगेच आली. प्रॉटेस्टंट देशांतले काही प्रवचनकार म्हणाले, इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या क्रौर्याची ही शिक्षा. लिस्बनमधले काही धर्मगुरू म्हणाले, पाखंड्यांना शहरात राहू दिलं त्याची ही शिक्षा. म्हणजे उत्तरं परस्परविरोधी, पण प्रश्न दोघांचाही एकच: हे कुणाच्या पापामुळे झालं?

आजच्या व्याख्यानाचं सूत्र आपण इथंच सांगून ठेवू. विज्ञानानं या प्रश्नाचं उत्तर दिलं, असं आपण सहज म्हणतो. तसं झालं नाही. हळूहळू प्रश्नच बदलला. आणि तो बदल आपल्याला वाटतो तितका स्वच्छ हातांनी झाला नाही.

आधी तत्त्वज्ञान घेऊ. लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञानं १७१० साली एक युक्तिवाद मांडला होता. देव सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे. त्यामुळे शक्य असलेल्या सगळ्या जगांतून त्यानं सर्वांत चांगलं जग निवडलं असणार. जे वाईट दिसतं, ते संपूर्ण चित्र दिसत नाही म्हणून. हा माणूस बुद्धीनं कच्चा नव्हता बरं का! कॅल्क्युलसच्या जनकांपैकी तो एक. विवेक आणि श्रद्धा यांची सांगड घालायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण लिस्बनच्या बातम्या आल्या आणि हा युक्तिवाद लोकांच्या घशाखाली उतरेना. व्होल्तेरनं १७५६ साली या संहारावर एक दीर्घ कविता प्रसिद्ध केली. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या लेकरासमोर 'जे आहे ते ठीकच आहे' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं, हा तिचा रोख होता. तीन वर्षांनी त्याची 'कांदीद' ही कादंबरी आली. तिच्यात हीच टीका त्यानं विनोदाच्या अंगानं केली.

व्होल्तेरला उत्तर दिलं रूसोनं. ऑगस्ट १७५६ मधल्या पत्रात त्यानं एक साधा मुद्दा काढला. सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एका ठिकाणी निसर्गानं बांधली नव्हती. ती माणसांनी बांधली. लोक विरळ राहिले असते, घरं हलकी असती, तर इतके मेले नसते. कित्येक जण तर कपडे, कागदपत्रं, पैसे आणायला परत आत गेले आणि सापडले. रूसोला खरं तर देवाची बाजू राखायची होती. पण ती राखता राखता तो असं काही बोलून गेला जे आजही आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवता येईल: धक्का निसर्गाचा, पण आपत्ती बरीचशी माणसाची.

तिसरा माणूस होता क्योनिग्सबर्गमधला एकतीस वर्षांचा एक शिक्षक, इमॅन्युएल कांट. त्यानं १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखाली मोठ्या पोकळ्या आहेत आणि त्यांत ज्वालाग्राही वायू पेटतात, अशी त्याची कल्पना. ती चूक होती. पण चूक असली तरी ती तपासता येण्याजोगी होती, हे महत्त्वाचं. देवाचे हेतू आपल्याला ठाऊक आहेत असं समजणं हा माणसाचा उद्धटपणा आहे, आपण कारणं शोधावीत आणि घरं शहाणपणानं बांधावीत, असा त्याचा सूर होता. पुढे १७६० साली जॉन मिशेल या इंग्रजानं लिस्बनच्या नोंदी वापरून मांडलं की भूकंप म्हणजे जमिनीतून पसरणाऱ्या लाटा, आणि धक्का कुठे किती वाजता पोचला यावरून त्यांचा वेग काढता येतो. भूकंपशास्त्राची सुरुवात इथून मानतात.

आता समाजाकडे, म्हणजे त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. पोर्तुगालचा राजा जोझे पहिला भूकंपात वाचला, पण इतका घाबरला की पुढे दगडी छताखाली झोपायला तयार होईना. कारभार आला त्याच्या मंत्र्याकडे. त्याचं नाव सेबाश्तियांव जोझे द कार्व्हाल्यो इ मेलो. पुढे त्याला पोंबालचा मार्किस हा किताब मिळाला, म्हणून आपण त्याला पोंबालच म्हणू. त्यानं रोगराई पसरू नये म्हणून मृतदेह होड्यांत भरून समुद्रात सोडवले. धान्याचे भाव बांधून दिले. लुटारूंसाठी सगळ्यांना दिसतील असे फास उभारले.

मग त्यानं एक गोष्ट केली जी वरवर अगदी कारकुनी वाटते. देशभरातल्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? कोणत्या दिशेनं जास्त जाणवला? समुद्र आधी चढला की ओसरला? जमिनीला भेगा पडल्या का? घरं किती पडली, माणसं किती मेली? उत्तरं कुणी लिहिली? गावोगावच्या धर्मगुरूंनी. हे दृश्य आपण डोळ्यांसमोर आणू या. ज्यानं रविवारी 'आपल्या पापांमुळे हे झालं' असं सांगितलं असेल, तोच सोमवारी टेबलाशी बसून लिहितोय की विहिरीचं पाणी किती उतरलं. त्याची श्रद्धा गेलेली नाही. त्याला कुणी तत्त्वज्ञान शिकवलेलं नाही. फक्त त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ती उत्तरं लिस्बनच्या अभिलेखागारात जपली गेली आणि आजचे भूवैज्ञानिक ती वापरतात.

शहराची फेरबांधणीही अशीच झाली. पंचाहत्तरी ओलांडलेला लष्करी अभियंता मानुएल द मैया यानं वेगवेगळे पर्याय लेखी मांडले. खालच्या भागात काटकोनात रुंद रस्ते आखले गेले. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा, तिरप्या आडव्या वाशांचा सांगाडा बसवला. पोर्तुगीजमध्ये त्याला 'गायोला', म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडमाती ढासळली तरी पिंजरा उभा राहावा, ही कल्पना. त्याची चाचणी घेण्यासाठी सैनिकांना भोवती पाय आपटत चालवलं, असंही सांगतात.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. शाळेच्या पुस्तकात ती इथंच संपते. आपण मात्र आणखी पाच-सहा वर्षं पुढे जाऊ.

लिस्बनमध्ये गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा एक जेझुइट धर्मगुरू होता. मूळचा इटालियन, ब्राझीलमध्ये अनेक वर्षं काम केलेला, लोकांत मान असलेला. त्यानं १७५६ मध्ये एक पुस्तिका छापली. भूकंपाचं खरं कारण आपली पापं आहेत, ते नैसर्गिक आहे असं म्हणणं घातक आहे, लोकांनी झोपड्या बांधण्यापेक्षा पश्चात्ताप करावा, असं त्यात होतं. पोंबालच्या फेरबांधणीला हा सरळ अडथळा. मालाग्रिदाला शहराबाहेर पाठवलं गेलं. पुढे १७५८ मध्ये राजावर खुनी हल्ला झाला. त्या प्रकरणात ताव्होरा या उमराव घराण्यातल्या माणसांना अत्यंत क्रूरपणे मारलं गेलं आणि जेझुइटांनाही त्यात गोवलं गेलं. १७५९ मध्ये सगळ्या पोर्तुगीज मुलखातून जेझुइट हद्दपार झाले. आणि २१ सप्टेंबर १७६१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या, तुरुंगात मन बिघडलेल्या मालाग्रिदाला लिस्बनच्या भर चौकात गळा आवळून मारलं आणि त्याचा देह जाळला.

ही शिक्षा कुणी दिली? इन्क्विझिशननं. तेव्हा त्या न्यायालयाचा प्रमुख कोण? पोंबालचा सख्खा भाऊ! म्हणजे भूकंपाकडे विवेकानं पाहणाऱ्या राजवटीनं आपल्या विरोधकाला पाखंडी ठरवून जाळलं. मालाग्रिदाचं म्हणणं चूक होतं, यात वाद नाही. पण चूक मत असलेल्या माणसाला जाळून ते मत खोटं ठरत नाही. व्होल्तेरला जेझुइटांबद्दल प्रेम नव्हतं, तरी त्यानंही या शिक्षेची निर्भर्त्सना केली. पोंबालनं कोइंब्रा विद्यापीठाची १७७२ मध्ये फेररचना केली, गणित आणि निसर्गविज्ञानाला तिथं मानाची जागा दिली. त्याच पोंबालनं १७६८ मध्ये सरकारी सेन्सॉर मंडळ नेमलं आणि त्या मंडळानं व्होल्तेर-रूसोच्या पुस्तकांवर बंदी घातली. प्रयोगशाळा हवी, पण प्रश्न विचारणारा विद्यार्थी नको, असा हा प्रकार.

गोव्याचे काही श्रोते आज आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी ही परकी गोष्ट नाही. पोंबालचे हुकूम मांडवीच्या काठापर्यंत पोचत होते. १६१६ साली रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स ज्या जेझुइट संघाचे, त्या संघाला १७५९ च्या हुकमानं गोवाही सोडावा लागला. १७६१ च्या फर्मानानं आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क दिले. हिंदूंना ते लागू नव्हतं, आणि कागदावरची बरोबरी प्रत्यक्षात यायला फार वेळ लागला. १५६० मध्ये सुरू झालेलं गोव्याचं इन्क्विझिशन पोंबालनं १७७४ मध्ये बंद केलं. पण १७७७ मध्ये राजा वारला, पोंबालची सत्ता गेली, आणि १७७८ मध्ये ते न्यायालय पुन्हा उघडलं. कायमचं बंद झालं ते १८१२ मध्ये. एका माणसाच्या हुकमानं आलेला विवेक त्या माणसाबरोबर कसा परत जातो, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला शोधायची गरज नाही.

मग आपण काय म्हणायचं? पोंबाल वाईट, म्हणून विज्ञान वाईट? नाही. ती प्रश्नावली खरी आहे, ते लाकडी पिंजरे खरे आहेत, त्यांनी माणसं वाचवायची वाट दाखवली. पण विवेकाचे दोन भाग आहेत आणि ते आपोआप एकत्र येत नाहीत, एवढं या इतिहासातून दिसतं. एक भाग निसर्गाला प्रश्न विचारतो. दुसरा भाग सत्तेला प्रश्न विचारतो. पोंबालनं पहिला भाग उचलला आणि दुसरा दाबून टाकला. भूकंपावर लिहिणारा कांट १७८४ मध्ये 'प्रबोधन म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसला, तेव्हा त्याची मागणी होती ती आपली बुद्धी सर्वांसमोर, उघडपणे वापरायच्या स्वातंत्र्याची. सुज्ञ मंत्री मिळावा एवढ्यावर तो थांबला नाही.

तेव्हा त्या श्रोत्याला आपलं उत्तर असं. साध्या माणसाच्या आयुष्यात फरक पडला तो त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नातून. 'तुझं काय पाप?' याऐवजी 'तुझ्या घराची भिंत कशी होती?' असं त्याला कुणीतरी विचारलं. पण हाच प्रश्न उलट, ज्यानं विचारला त्याला विचारायची मुभा त्या माणसाला मिळाली नाही. ती मिळवायचा झगडा लिस्बनमध्ये नव्हे, तर पॅरिसमध्ये पेटला. पुढच्या व्याख्यानात आपण १७८९ कडे जाऊ. तोवर प्रश्न लिहून ठेवा.