भैकेरांचे संगोपन

भैकेर म्हणजे बेडकाच्या अंड्यातून बाहेर पडणारा, शेपूट व कल्ले असलेला आणि पाण्यात राहणारा डिंभ होय. त्याला टॅडपोल किंवा बेडूकमासा असेही म्हणतात. बागेतील तळे, हौद किंवा कमळाचे कुंड यांत बेडकांनी घातलेली अंडी आणि त्यांतून निघालेले भैकेर यांची, ते बेडूक होऊन पाण्याबाहेर पडेपर्यंत घेतलेली काळजी म्हणजे भैकेरांचे संगोपन. या कामात खाऊ घालण्यापेक्षा पाणी शुद्ध, स्थिर व मासेविरहित राखण्याला अधिक महत्त्व आहे. महाराष्ट्रात भैकेरांचा हंगाम आणि डासांचा हंगाम एकाच वेळी येतो. त्यामुळे डासनियंत्रणाचे उपाय योजताना भैकेरांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रजननकाळ आणि अंडी

महाराष्ट्रातील बहुतेक बेडूक मॉन्सूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर अंडी घालतात. बारमाही पाण्यात राहणाऱ्या युफ्लिक्टिस प्रजातीतील बेडकांची वीण मात्र वर्षाच्या इतर काळातही आढळते. अंडी कोणत्या स्वरूपात घातली आहेत, यावरून ती कोणाची असावीत याचा अंदाज बांधता येतो.

• सामान्य भेक (डुट्टाफ्रिनस मेलानोस्टिक्टस): काळी अंडी जेलीसारख्या लांब, पारदर्शक दोऱ्यांत ओवल्यासारखी दिसतात. हे दोरे पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेले असतात. भैकेर काळे व लहान असून थव्याने फिरतात.
• झाडबेडूक (पॉलिपेडेटस मॅक्युलेटस): मादी हौदाच्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करते. अंडी फेसात असतात. काही दिवसांनी भैकेर खालच्या पाण्यात पडतात.
• मायक्रोहायला प्रजातीतील चिमुकले बेडूक: अंड्यांचा पातळ थर पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो. भैकेर जवळजवळ पारदर्शक असतात.
• भारतीय मोठा बेडूक (हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस): विणीच्या काळात नर पिवळेधमक होतात व त्यांच्या स्वरपिशव्या निळ्या दिसतात. याचे भैकेर मांसाहारी असून इतर भैकेरांनाही खातात.

झाडबेडकाचे फेसाचे घरटे पुष्कळदा घाण किंवा साबणाचा फेस समजून धुऊन टाकले जाते. ते आहे त्या जागी राहू द्यावे. घरट्याखाली पाणी नसल्यास पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवावे.

जीवनक्रम

उष्ण पाण्यात अनेक प्रजातींची अंडी एक-दोन दिवसांतच फुटतात. नवजात भैकेर प्रथम वनस्पतींना चिकटून राहतो. त्याचे सुरुवातीचे बाह्य कल्ले लवकरच त्वचेच्या आवरणाखाली झाकले जातात. पुढे आधी मागचे पाय दिसू लागतात, नंतर पुढचे पाय बाहेर येतात आणि शेवटी शेपूट शरीरात शोषली जाते. या सर्व बदलांना रूपांतरण म्हणतात. ते अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे घडून येते. गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये भैकेरांना अवटू ग्रंथीचे अंश खाऊ घालून त्यांचे रूपांतरण वेळेआधी घडवून दाखवले. अंड्यापासून बेडकापर्यंतच्या विकासाचे ४६ टप्पे गॉसनर यांनी १९६० मध्ये निश्चित केले व ते आजही अभ्यासात वापरले जातात.

हा काळ प्रजाती, तापमान व अन्न यांनुसार तीन-चार आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक असू शकतो. शेपूट शोषली जात असताना तोंड व आतडे यांची रचना बदलत असते. त्यामुळे पिल्लू त्या दिवसांत काही खात नाही. याच सुमारास ते फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते.

तळ्याची रचना

सिमेंटच्या हौदाच्या उभ्या व गुळगुळीत भिंती हा रूपांतरणाच्या अखेरच्या टप्प्यातील मोठा धोका आहे. बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास पिल्ले बुडून मरतात. त्यासाठी एका बाजूस दगड किंवा विटांचा उतार करावा अथवा पाण्यातून काठापर्यंत तिरकी फळी टेकवावी. तळ्याचा काही भाग उथळ असावा व निदान अर्ध्या भागावर सावली असावी. कुमुदिनी, हायड्रिला यांसारख्या वनस्पती आसरा देतात. जलपर्णीने मात्र सर्व पृष्ठभाग झाकला जाऊ देऊ नये. काठालगत गवत, पालापाचोळा व ओलसर जागा राखावी, कारण पाण्याबाहेर आलेल्या पिल्लांना उन्हापासून तेथेच निवारा मिळतो.

पाणी

पावसाचे पाणी सर्वांत चांगले. नळाच्या पाण्यातील क्लोरिन कल्ल्यांना अपायकारक असतो. त्यामुळे असे पाणी पसरट भांड्यात किमान २४ तास उघडे ठेवून मगच तळ्यात घालावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. गरज भासल्यास एक-चतुर्थांश भागच बदलावा. भैकेर वारंवार पृष्ठभागावर येऊन हवा घेत असल्यास पाण्यातील प्राणवायू कमी झाला असण्याची शक्यता असते. फुप्फुसे तयार झालेले भैकेर मात्र एरवीही वर येतात. तळ्याजवळ फिनाईल, ब्लिचिंग पावडर, तणनाशके व कीटकनाशके वापरू नयेत.

अन्न

बहुतेक भैकेर शेवाळ आणि कुजणारे वनस्पतिजन्य पदार्थ खरवडून खातात. जुन्या, शेवाळलेल्या तळ्यात वेगळे अन्न देण्याची गरज नसते. तात्पुरते भांड्यात ठेवलेल्या भैकेरांना उकडून थंड केलेला कोबी किंवा लेट्यूस चिमूटभर द्यावा. पालकात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असल्याने तो नेहमी देऊ नये. पाव, भात किंवा बिस्किटे पाण्यात कुजतात. उपासमारीपेक्षा उरलेल्या अन्नाने नासलेल्या पाण्यामुळेच भैकेर अधिक मरतात.

नैसर्गिक शत्रू

चतुराची पाण्यातील पिल्ले, पाणविंचू, पाणभुंगे, खंड्या, ढोकरी आणि दिवड हे भैकेरांचे शत्रू आहेत. शेकडो किंवा हजारो अंड्यांपैकी मोजकीच पिल्ले प्रौढ होतात. ही घट नैसर्गिक असून या प्राण्यांना हटवण्याची गरज नाही.

डासनियंत्रण आणि भैकेर

डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची वाढ उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. त्यामुळे साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवण्याचा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात. भैकेरांना याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. दर आठवड्याला रिकाम्या होणाऱ्या पाण्यात बेडूक तयार होऊच शकत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या पाण्यांत भेद करणे आवश्यक ठरते. टायर, पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या यांतील पाणी नियमाने काढून टाकावे आणि तळे मात्र कायम राखावे. पिंपात अंडी आढळल्यास ती पाण्यासह त्याच बागेतील तळ्यात हलवता येतात.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी व गंबुसिया हे मासे सोडण्याची पद्धत आहे. दोन्ही मासे मूळचे अमेरिका खंडातील असून गंबुसिया भारतात १९२८ मध्ये आणला गेला. हे मासे बेडकांची अंडी व लहान भैकेरही खातात. त्यामुळे लहान तळ्यात मासे सोडल्यास तेथील बेडकांची वीण बहुधा अयशस्वी होते. पाण्यावर रॉकेल किंवा तेल टाकण्याचा जुना उपायही घातक आहे, कारण तेलाच्या थरामुळे भैकेरांना पृष्ठभागावरील हवा घेता येत नाही.

भैकेर डासांचा नायनाट करतात, हा समज अंशतःच खरा आहे. मोठ्या बेडकाचे मांसाहारी भैकेर डासांच्या अळ्या खातात. बहुतेक प्रजातींचे भैकेर मात्र शेवाळावर जगतात. समतोल तळ्यात अळ्यांवर नियंत्रण ठेवण्याचे काम मुख्यतः चतुराची पिल्ले व पाणकीटक करतात. तरीही अळ्या दिसल्यास त्या बारीक जाळीने गाळून काढाव्यात. भैकेर राखण्यासाठी डासांकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

स्थलांतर, रोग आणि संरक्षण

अंडी व भैकेर एका जलाशयातून दुसऱ्यात नेऊ नयेत. कायट्रिड बुरशीमुळे जगभरातील उभयचरांची मोठी हानी झाली आहे. ही बुरशी पश्चिम घाटातही आढळली असून पाणी, वनस्पती व चिखल यांच्याबरोबर ती पसरू शकते. सह्याद्रीतील काही जातींची वीण अगदी विशिष्ट जागीच होते. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला आंबोलीचा भेक जांभ्या खडकावरील उथळ डबक्यांत अंडी घालतो. अशी अंडी बागेतील तळ्यात आणणे म्हणजे ती नष्ट करणेच होय.

भारतीय मोठ्या बेडकाचा समावेश १९८५ पासून 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारताने बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर १९८७ मध्ये बंदी घातली.

निरीक्षणासाठी भैकेर हाताळायचे असल्यास हात साध्या पाण्याने ओले करावेत. हातावर साबण किंवा डास पळवणारे मलम लागलेले नसावे. निरीक्षणानंतर भैकेर त्याच तळ्यात सोडावेत व हात साबणाने धुवावेत.

हे सुद्धा पहा

• बेडूक
• भेक
• उभयचर प्राणी
• रूपांतरण
• पश्चिम घाट